टाकी घरात, हिशेब कुणाच्या हातात?



गेल्या हिवाळ्यात धडगावच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी छापील फॉर्म घेऊन गेले. गॅस आल्यावर आदिवासी बाईच्या जगण्यात काय फरक पडला, याची पाहणी एका संस्थेने आमच्याकडे सोपवली होती. शेगडी आहे? आहे. जोडणी बाईच्या नावावर? आहे. मी खुणा करत गेले. टाकी कोपऱ्यात गोधडीखाली झाकलेली आणि मक्याची भाकर चुलीवर. त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

घरातली बाई म्हणाली, "ताई, टाकीला एकदम पैसे लागतात. लाकडाला माझे पायच लागतात." टाकी भरायची की नाही, हे नवरा ठरवतो. रस्त्यापासून घरापर्यंत ती खांद्यावर आणावी लागते. चुलीवर बियाण्याची कणसं टांगलेली होती. धुराने त्यांना कीड लागत नाही. त्याच धुराने तिचे डोळे सतत चुरचुरतात, हेही तिनेच सांगितलं. तेव्हा चुलीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. तिला गॅस हवाच आहे.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात, जोडणीला वर्ष झालेल्या घरांनी वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या घेतल्याची नोंद आहे. एवढ्यात वर्षभराचा स्वयंपाक होत नाही, हे कोणतीही बाई सांगेल. उरलेल्या दिवसांची मोळी कोण वाहतं?

दोष इतरांनाच कशाला द्यायचा? १९८३ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या निर्धूर चुली आम्हीही गावोगाव मोजल्या होत्या. किती बांधल्या ते लिहिलं, किती पेटतात ते पाहिलं नाही. २००२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

१९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात विकासाची योजना आधी ग्रामसभेने मंजूर करायची असते. मग घरात येणाऱ्या वस्तूचा परिणाम मोजायचे प्रश्नही तिथल्या बायकांनीच का ठरवू नयेत? त्या दिवशी ओट्यावर पाच-सहा जणी जमल्या आणि फॉर्माच्या पाठीमागे त्यांचे प्रश्न मी उतरवून घेतले. टाकीचे पैसे कोणत्या महिन्यात हातात असतात? कुणाच्या हातात? लाकडाच्या फेऱ्या किती कमी झाल्या? वाचलेल्या वेळात बाई टेकली, की दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेली?

संस्थेने फॉर्म अपूर्ण म्हणून परत पाठवला आहे. पाठीमागची बाजू वर ठेवून मी तो पुन्हा पाठवते आहे.