वार एक की दोन?



घरात जुळी येणार असे कळले की आनंद दुप्पट होतो आणि सल्लेही दुप्पट होतात. मात्र दोन्ही बाळांची सुरक्षितता ज्यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, तो प्रश्न क्वचितच कोणी विचारते: दोघांची वार एक आहे की दोन?

वार म्हणजे प्लॅसेंटा, बाळाला रक्त व पोषण पुरविणारा अवयव. वार स्वतंत्र असेल तर प्रत्येक बाळाची शिदोरी वेगळी असते. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा शंभरांपैकी सुमारे 10 ते 15 गर्भारपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. एकाभोवतीचे पाणी आटते, तर दुसऱ्याभोवतीचे वाढते. उपचार न झाल्यास दोघांच्याही जिवाला धोका असतो. वेळेत लक्षात आले तर गर्भाशयातच लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात.

ही ओळख 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट होते. पुढे ती अवघड होत जाते. वार एकच असेल तर 16व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करावी लागते, स्वतंत्र असल्यास साधारण चार आठवड्यांनी.

आपल्या वऱ्हाडात नेमके येथेच गफलत होते. समजा, सासर अकोल्याचे, पहिली सोनोग्राफी तिथेच झाली. पुढे सून अमरावतीला माहेरी गेली आणि फाईल सासरच्या कपाटात राहिली. नव्या डॉक्टरांना पहिला अहवाल दिसलाच नाही, तर दोष कोणाचा?

डॉक्टरांची जबाबदारी कायद्याने ठरवली आहे. पुण्याच्या एका शल्यचिकित्सकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सांगितले की रुग्ण स्वीकारायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतली पाहिजे. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. 2022 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने नागपूरच्या एका रेडिओलॉजी केंद्राला सव्वा कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ते गर्भारपण जुळ्यांचे नव्हते. परंतु बाळाच्या हातापायांतील गंभीर व्यंग सोनोग्राफीत नोंदवले गेले नव्हते.

तथापि प्रत्येक दुर्दैवी परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. सोनोग्राफीलाही मर्यादा असतात, आणि योग्य काळजी घेऊनही बाळ गमवावे लागू शकते. सूडबुद्धीने डॉक्टरांवर आरोप करणे हीसुद्धा हिंसाच होय. न्यायालये विचारतात ते एवढेच: त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याच्या डॉक्टरांनी जे पाहायला हवे होते, ते पाहिले का? याचे उत्तर कागदांतच असते.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालात वारेचा उल्लेख लिहून घ्यावा. बाळाचे लिंग विचारणे गुन्हा आहे, वारेविषयी विचारणे हा आपला हक्क आहे. माहेरी जाताना दागिन्यांआधी फाईल बॅगेत ठेवावी. पोट अचानक फुगले किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे लेखी मागणी करावी. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. खरोखरच अन्याय झाला असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 2019 च्या कायद्यामुळे सेवा अकोल्यात घेतली असली, तरी अमरावतीचा रहिवासी अमरावतीच्या आयोगाकडे जाऊ शकतो.

आपल्या पेढीवर दहा वर्षांपूर्वीची पावती क्षणात सापडते; घरच्या लेकीसुनेची फाईल मात्र सापडत नाही. जी शिस्त आपण हिशेबाच्या वहीला लावतो, तीच त्या फाईललाही लावावी. तिच्यात दोन जिवांचा जमाखर्च असतो.