हे काय, कबाडीचा ठेला?



मागच्या रविवारी मी नातीच्या कामाचा फोटो इथे टाकला होता. बऱ्याच जणांनी कौतुक केलं, आभार. एका जुन्या स्नेह्यांनी मात्र लिहिलं, "हे काय, कबाडीवाल्याचा ठेला भिंतीवर टांगला का?" पाठोपाठ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला राग आला नाही, कारण चार महिन्यांपूर्वी मीही जवळजवळ हेच म्हणालो होतो. पण उत्तर द्यावंसं वाटलं आणि ते दोन ओळींत मावेना. तेव्हा चहा घेऊन बसा.

नात इंदूरला चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. होस्टेलच्या खोलीत प्लायवुड पसरायला जागा नाही, म्हणून दर शनिवारी बसने नानाखेड्याला येते. आमची गच्ची तिचा कारखाना. पहिल्याच शनिवारी तिने आमची जुनी लोखंडी पेटी उघडायला सांगितली. कार्तिक चौकातलं घर सोडलं तेव्हा जे विकवलं नाही आणि वापरताही आलं नाही, ते सगळं त्या पेटीत. दाराचा कडी-कोयंडा, तांब्याच्या बंबाची तोटी, अडकित्ता, माझ्या तीसेक वर्षांच्या डायऱ्या. आणि तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात माझ्या आईचं महेश्वरी लुगडं.

"आजोबा, हे मला कापायला लागेल."

मी सरळ नाही म्हटलं. वर हेही सुनावलं की कॉलेजात रंग संपले का, म्हणून घरचं कबाड चिकटवता? ती गप्प बसली. सौ. तेवढी म्हणाली, "पेटीत ठेवून तरी काय होणार? घडीवर विरतंय ते." खरंच विरत होतं. उलगडलं तर घडीच्या रेषेवर बोट आरपार गेलं.

आमचं वय झालं की आपण वस्तू जपतो असं म्हणतो, प्रत्यक्षात त्या फक्त बंद करून ठेवतो. बँकेत लॉकर विभाग सांभाळला असल्यामुळे हे मी चांगलं पाहिलंय. खातेदार गेल्यावर वारसांसमोर, साक्षीदारांसमोर लॉकर उघडायचा आणि वस्तूंची यादी करायची. 'पिवळ्या धातूची अंगठी, एक. पांढऱ्या धातूचे लहान वाळे, दोन.' सोनं-चांदी असंसुद्धा लिहायचं नाही, कारण परीक्षा आपण केलेली नसते. वाळे कोणाचे, कधीचे, हा रकानाच यादीत नाही. आणि पुष्कळदा वारसांनाही ते ठाऊक नसायचं. एकमेकांकडे बघत राहायचे.

तर लुगडं दिलं. पण एक अट घातली, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आता काम कसं झालं ते ऐका, कारण फोटोत ते दिसत नाही. चार बाय तीन फुटांचा बारा एमएम प्लाय. आधी पॉलिश पेपरने घासला, मग खडूची पावडर आणि फेविकॉल कालवून दोन हात अस्तर. त्यावर डायऱ्यांची पानं चिकटवली. पुढच्या शनिवारी येऊन बघते तर फळी पापडासारखी वळलेली! मला वाटलं, दुकानदाराने फसवलं. ती म्हणाली, चूक माझीच. ओला कागद वाळताना आक्रसतो आणि फळीची तीच एक बाजू ओढून घेतो. उपाय असा की मागच्या बाजूलाही तेवढाच कागद तसाच चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी होते, आणि वरून लाकडी पट्ट्या स्क्रूने कसायच्या. आमच्या डबल एंट्रीसारखंच झालं हे, नावे तेवढं जमा.

कडी बसवली तर तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. ओल्या गोंदाने लोखंड गंजलं. मी म्हटलं, पुसून टाक. ती दोन दिवस नुसती बघत बसली, मग डाग ठेवला आणि बाकीच्या कडीला लॅकर मारून गंज तिथेच थांबवला. फोटोत खालच्या कोपऱ्यात जी उन्हाची तिरीप वाटते ना, तो हा डाग. लुगड्याचा विरलेला भाग तिने कापला नाहीच, तो सुती कापडावर तसाच विरलेला चिकटवला. कात्री लावली ती काठाला. तेव्हा मी खाली जाऊन पेपर वाचत बसलो.

आता अट. मी म्हटलं होतं, वस्तू घे, पण तिची हकीकतही बरोबर घे. मागच्या बाजूला कागद लावायचाच होता, तर ती म्हणाली, "त्यावर तुम्ही लिहा. पेनने नको, पेन्सिलने. शाई गोंदात उतरते." तीन संध्याकाळ बसून लिहिलं. वडील गिरणीत कारकून होते. त्यांची रात्रपाळी असली की आई ही कडी न लावता दाराला पाट टेकवून बसे. लुगडं माझ्या मुंजीचं, त्यानंतर ती ते दोनदाच नेसली. बंबाची तोटी गळायची, खाली नेहमी एक वाटी असायची. असं सगळं. ती बाजू आता भिंतीकडे तोंड करून आहे, कोणी वाचणार नाही. नातीने मात्र चिकटवण्याआधी दोनदा वाचलं. पाटाचं तर माझ्या मुलालाही माहीत नव्हतं.

कबाड म्हणणाऱ्यांसाठी थोडं. पिकासोने 1912 साली चित्रात वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि भोवती फ्रेमऐवजी दोर गुंडाळला. ते राहू द्या, पॅरिस लांब आहे. इंदूर तर पंचावन्न किलोमीटरवर आहे. तिथे देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये कलाशाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे त्यांचेच विद्यार्थी. यांतले चिंचाळकर गुरुजी पुढे रंग-कॅनव्हास बाजूला सारून वाळकी पानं, मुळं, फुटक्यातुटक्या वस्तू यांतूनच आकार काढू लागले. आपल्यातलाच माणूस, आणि आपणच विसरलो. त्याहून जवळचं हवं असेल तर घरातल्या बायकांना विचारा. पितृपक्षात सोळा दिवस भिंतीवर शेण, फुलांच्या पाकळ्या, चमकीची पन्नी लावून संजा मांडायच्या, शेवटी किलाकोट आणि मग क्षिप्रेत विसर्जन. माळव्यातल्या शेजारणींबरोबर आमच्या बहिणीही मांडायच्या. तेव्हा ठेला कोणी म्हटलं नाही.

तरी सगळंच मला पटतं असं नाही. प्रदर्शनातली निम्मी कामं मला कळली नाहीत आणि दोन तर निव्वळ आळसातून आलेली वाटली. नातीने कामाखाली जो इंग्रजी मजकूर लावला होता, तो मी तीनदा वाचूनही समजला नाही. तिला तसं सांगितलं. म्हणाली, सरांना तसाच लागतो.

पण टांगायचं काम तिने जसं केलं, ते प्रत्येकाने बघावं. छोट्या हत्तीत खाली गादी, वर चादरी, असा तो एकोणीस किलोंचा ऐवज इंदूरला गेला. तिथे आधी दोन खिळे आणि तार लावून पाहिली. तार ताणली, खिळा वाकला. मग तिने एक पट्टी लांबीत पंचेचाळीस अंशात तिरपी चिरून दोन भाग केले. एक ड्रिल आणि गिट्टी मारून भिंतीला, दुसरा फळीच्या मागे, उलटा. वरून सोडलं की एकात एक बसतं, जितकं वजन तितकं घट्ट. मी लेव्हल धरून उभा होतो. मला महाकाल लोक आठवलं. 2022 च्या ऑक्टोबरात उद्घाटन, आणि 28 मे 2023 च्या वादळात सप्तर्षींपैकी सहा मूर्ती खाली. मूर्ती दिसायला देखण्या होत्या हो, सगळ्यांनी फोटो काढले होते. पाया कोणी पाहिला होता?

समाजाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. गणेशोत्सवात आपण दोन तासांची चित्रकला स्पर्धा घेतो, विषय ठरलेला, बक्षीस कंपासपेटी. ती चालू द्या. पण हॉलची एक भिंत, पूर्वेकडची, दहा दिवस मोठ्या मुलांच्या कामासाठी द्या. आपल्यातली किती मुलं हे शिकतायत, आपल्याला पत्ताच नसतो. सामानाचा खर्च मी उचलतो. आणि ज्यांची जुनी घरं सध्या निघतायत, त्यांनी कबाडीला फोन करण्याआधी एकदा घरच्या पोरांना पेटी दाखवावी आणि शेजारी बसून सांगावं, काय कोणाचं ते.

आमच्या स्नेह्यांना आता जाहीर आमंत्रण. प्रदर्शन संपलं, येत्या रविवारी ठेला नानाखेड्याला परत येतोय, बैठकीत लागणार. सकाळी दहाला या, पोहे-जिलेबी आहे. येताना तुमचं ड्रिल मशीन आणा, आमचं जळालंय.