सेंटी कुणाला म्हणता?

'सेंटी' या शब्दावर माझा जुना राग आहे. आता म्हणाल, एवढ्याशा शब्दावर कसला राग! पण आहे, आणि आज तो काढणार आहे.

आमच्या अमरावती-अकोल्याकडे हा शब्द कॉलेजातून घरात शिरला. "लय सेंटी नको होऊ बे" म्हटलं की समोरचा गप्प. सोय आहे खरी. मूळ 'सेंटिमेंटल' अठराव्या शतकातल्या इंग्रजांना कौतुकाचा वाटे. १७६८ साली लॉरेन्स स्टर्नने तो पुस्तकाच्या नावातच मिरवला. पुढे त्यांनीच त्याला नाकं मुरडली. आपण उचलला तो नाकं मुरडून झाल्यावर!

बरं, मराठीत शब्द कमी होते का? आतून येतो तो उमाळा, घशात अडकतो तो गहिवर, राहून राहून वर येतो तो कढ. खोट्यासाठीही होते की... गळे काढणं, नक्राश्रू. म्हणजे खरं कुठलं, खोटं कुठलं हे ऐकणाऱ्याला ओळखावं लागे. 'सेंटी'ने ती कटकटच मिटवली. सगळं एकाच पोत्यात.

मयतीला आमच्याकडे बाया हेल काढून रडतात. शहरातली आमची भावंडं (वाचत असाल तर खुशाल रागवा) त्याला 'ओव्हर' म्हणतात. पण त्यातले शब्द कधी ऐकलेत? त्या हेलात वाळलेली पऱ्हाटी असते, विकलेली बैलजोडी असते, दारात येऊन बसणारा सावकार असतो. अख्खा हिशेब असतो.

हा हिशेब कागदावर कुठे येतो? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. अमरावती, अकोला दोन्ही त्यात होते. पण शेतकऱ्याने जीव दिल्यावर एक लाखाच्या मदतीसाठी त्याचं प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा, सगळ्याला पुरावा हवा. बिनपरवाना सावकाराचा कागद त्या बाईने कुठून आणायचा? तो सावकार फक्त तिच्या रडण्यात सापडतो. आणि तेच आपण 'सेंटी' म्हणून ऐकत नाही.

नाटकी माणसं नाहीत का? ढिगाने आहेत. भरसभेत रुमाल काढणाऱ्या पुढाऱ्याला बेशक ढोंगी म्हणा, मीही म्हणतो. गंमत अशी की त्याला कुणी 'सेंटी' म्हणत नाही. त्याला टाळ्या मिळतात.