पट्टा तुटायची वाट पाहू नका



‘टायमिंग बेल्ट तुटेल तेव्हा बदलू’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. क्रँकशाफ्टच्या 2 फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची 1, हा ताल तो पट्टा राखतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. माझा ऐन घाटात तुटला. व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. गाडी जेमतेम 40 हजार किलोमीटर चाललेली, पण पट्टा 9 वर्षांचा! रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. ऑइल बदलायला टाळाटाळ केली की चेन सैलावते, सकाळी गाडी सुरू करताना खडखडते. पट्टा बदलताना टेन्शनरही नवा टाका; मजुरी तीच लागते.

— एक वाचक, सातारा