पँथेरा सासरी नांदली

लॉस एंजेलिसच्या पीटरसन वाहन संग्रहालयाच्या ताब्यात एक पिवळी गाडी आहे. डी टोमासो पँथेरा, १९७१ सालची. एके काळी ती एल्विस प्रेस्लीची होती. एकदा ती काही केल्या सुरू होईना, तेव्हा त्याने रागाच्या भरात तिच्यावर पिस्तूल झाडलं. पँथेराचा विषय निघाला की लोक हा किस्सा सांगतात, हसतात आणि पुढे जातात. मला मात्र दर वेळी त्या गाडीसाठी वाईट वाटतं. अमेरिकेत पँथेराचं पुढे काय झालं, हे फारसं कोणी सांगतच नाही.

गोष्ट सुरू होते १९६३ पासून. फोर्ड कंपनीने फेरारी विकत घ्यायचं ठरवलं होतं, बोलणी अगदी सह्यांपर्यंत आली होती आणि ऐन वेळी एन्झो फेरारी उठून गेले. फोर्डने शर्यतीत त्याचं उट्टं काढलं, पण आपल्या शोरूममध्ये एक इटालियन गाडी असावी ही इच्छा राहून गेली. ती पुरी केली अलेहांद्रो डी टोमासो यांनी. माणूस मूळचा अर्जेंटिनाचा, ब्युनोस आयर्सचा. इटलीत मोडेनाला येऊन १९५९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. फोर्डचे ली आयाकोका आणि ते यांचं जमलं, आणि पँथेरा आकाराला आली.

तिचं रूप घिया कंपनीत टॉम त्यार्दा यांनी रेखाटलं. हे त्यार्दा जन्माने डेट्रॉइटचे. त्यांचे वडील जॉन यांनी १९३०च्या दशकात लिंकन झेफिर ही गाजलेली गाडी घडवली होती. आणि मुलाची गाडी अमेरिकेत विकायला आली ती लिंकन-मर्क्युरीच्याच दुकानांत. सांगाडा जानपाओलो दालारा यांचा, गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा, आणि चालकाच्या पाठीमागे बसवलेलं इंजिन फोर्डचं: ५.८ लिटरचं, आठ सिलिंडरचं ‘क्लीव्हलँड’. किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास. त्या वेळच्या फेरारी डेटोनाला साधारण दुप्पट पैसे पडत.

१९७१ मध्ये गाड्या येऊ लागल्या आणि तक्रारीही. घाई नडली होती. पत्र्याला गंजापासून संरक्षण जवळजवळ नव्हतं, त्यामुळे पोकळ भागांत पाणी साठून आतून गंज धरायचा. मंद वाहतुकीत इंजिन तापायचं. वायरिंग दगा द्यायचं. मर्क्युरीच्या दुकानातले कारागीर पुढे इंजिन असलेल्या मोठ्या घरगुती गाड्यांत वाढलेले. ही बुटकी, मागून उघडणारी गाडी त्यांना परकी होती. अखेर फोर्डने कॅलिफोर्नियात बिल स्ट्रॉप या जाणत्या माणसाच्या कार्यशाळेत गाड्या दुरुस्तीला पाठवल्या. दोष हळूहळू निघू लागले. पण तोवर १९७३ चं तेलसंकट आलं, बंपरचे आणि धुराचे नियम कडक झाले. १९७४ नंतर फोर्डने पँथेरा आणणं थांबवलं. चार वर्षांच्या आत साधारण साडेपाच हजार गाड्या अमेरिकेत उतरल्या होत्या. आणणाऱ्याने हात काढून घेतला, गाड्या तिथेच राहिल्या.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. शाळेतून येताना मी तिथे तासन्‌तास उभा राहायचो. तिथले मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला टेकवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. म्हणूनच पँथेराच्या पुढच्या दिवसांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते.

पँथेराचं मागचं झाकण उचलायचं, सामानाचा खोलगट डबा बाहेर काढायचा, की इंजिन आणि गिअरबॉक्स समोर. इंजिन ओतीव लोखंडाचं, त्या काळी अमेरिकेतल्या गावोगावच्या गाड्यांत धडधडणारं. त्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. हे कळल्यावर मालकांनी बाह्या सरसावल्या. मोठे रेडिएटर आणि ताकदीचे पंखे बसवले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, वायरिंग पहिल्यापासून ओढलं. त्यांचे क्लब झाले. एकाला सापडलेला उपाय दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या कामी येऊ लागला. दुकानदार सुटले, पण गाडी सुटली नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं जड जावीत आणि मग सासरच्या माणसांनीच लेकीला समजून घ्यावं, तसं झालं. ती नांदली.

तिकडे मोडेनातही पँथेरा बनत राहिली, थेट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. अमेरिकेत क्लीव्हलँड इंजिनाचं उत्पादन थांबलं, तेव्हा फोर्डच्या ऑस्ट्रेलियातल्या कारखान्याची इंजिनं आणून गाडीचं उत्पादन चालू ठेवलं. एकूण गाड्या सात हजारांच्या थोड्या वर. म्हणजे बहुतेकींचं घर अमेरिकाच. डी टोमासो २००३ मध्ये गेले.

पँथेराला ‘फसलेली गाडी’ म्हणणं मला मान्य नाही. फसला तो घाईचा व्यवहार. चांगल्या माणसांनी मनापासून घडवलेल्या वस्तूत दोष राहिले, तर ते काढता येतात. फक्त ती उघडून बघता आली पाहिजे आणि बघणारा टिकला पाहिजे. आज नव्या गाडीचं झाकण उचललं तर प्लॅस्टिकच्या आवरणाखाली काही दिसतच नाही. त्या मिस्त्रींच्या स्क्रूड्रायव्हरला टेकायला जागा नाही, याची मला खरीखुरी काळजी वाटते.

पँथेराचा गिअर टाकायची पद्धत वेगळी आहे. धातूच्या खाचा कोरलेली पट्टी, आणि पहिला गिअर डावीकडे, खाली. दांडा खाचेत बसला की खट्‌ असा आवाज येतो. मालकाने पन्नास वर्षं जपलेल्या गाडीत तो आवाज आजही तसाच येतो.