दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला

लिव्हरपूल शहर ज्या मर्सीसाइड पोलीस दलाच्या कक्षेत येते, त्या दलात १९८३ साली ॲलिसन हॅलफर्ड या बाईंची असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल म्हणून नेमणूक झाली. एवढ्या वरच्या हुद्द्यावर तोवर ब्रिटनमधील एकही स्त्री पोहोचली नव्हती. १९६२ साली त्या लंडनच्या पोलीस दलात शिरल्या, तेव्हा तेथे स्त्रियांची शाखाच निराळी असे. निराधार बायका आणि वाट चुकलेली मुले यांच्याकडे पाहावे, एवढीच त्यांच्याकडून मुख्यतः अपेक्षा! ती शाखा १९७३ मध्ये मुख्य दलात विलीन झाली.

पुढची पायरी डेप्युटी चीफ कॉन्स्टेबलची. त्यासाठी गृहखात्याची संमती लागे, आणि त्या खात्यापुढे वरिष्ठांचा अभिप्राय जाई. बाईंनी सात वर्षे पुन्हा पुन्हा अर्ज केले. प्रत्येक वेळी नकार आला. गोपनीय अहवालाचा महिमा आम्हां सरकारी नोकरांना निराळा सांगावयास नको. एका ओळीचा शेरा दहा वर्षांच्या कामावर पाणी फिरवितो आणि त्याला उत्तर द्यावे तरी कोणी, कोठे? हॅलफर्डबाईंनी मात्र उत्तर दिले. जून १९९० मध्ये, समान संधी आयोगाच्या पाठबळावर, त्यांनी स्त्री म्हणून आपणांस डावलल्याची फिर्याद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेली.

मग व्हायचे तेच झाले. त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली आणि डिसेंबरात त्या निलंबित झाल्या. १९९२ मध्ये तडजोड होऊन बाई निवृत्त झाल्या. न्यायाधिकरणाचा निकाल असा लागलाच नाही, याची आम्हांस आजही रुखरुख वाटते.

पण खरी कथा दूरध्वनीची आहे. त्यांच्या कचेरीत दोन यंत्रे होती. त्यांतील एक खाजगी वापरासाठी. फिर्यादीची बोलणी त्यावरून करण्यास त्यांना मुभाही होती. तीच संभाषणे चोरून ऐकली जात असल्याचा त्यांना संशय आला. इंग्लंडात दाद मागावी, तर १९८५ चा कायदा सार्वजनिक तारांपुरताच. कचेरीच्या अंतर्गत यंत्रणेला तो लागूच पडेना. चोरी उघड दिसत असूनही चोरीचे कलम नाही, असा हा प्रकार.

बाई स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. २५ जून १९९७ रोजी निकाल लागला : कचेरीतील दूरध्वनीवरही माणसाला खाजगीपण असते आणि ते येथे भंगले. घरच्या दूरध्वनीबाबतची तक्रार पुराव्याअभावी टिकली नाही. भरपाई १०,००० पौंडांची मिळाली. ब्रिटिश सरकारला कायद्यातील ही फट बुजवावी लागली, ती २००० सालच्या नव्या कायद्याने.

दरम्यान १९९५ मध्ये शेजारच्या लँकेशायर परगण्यात पॉलीन क्लेअर या बाई चीफ कॉन्स्टेबल झाल्या, ब्रिटनमधील पहिल्याच. आणि हॅलफर्डबाई? त्या १९९९ मध्ये वेल्सच्या विधिमंडळावर निवडून आल्या व २००३ पर्यंत तेथे बसल्या. त्या निवडीसाठी वरिष्ठांच्या शेऱ्याची गरज नव्हती.