वर की खाली?

'बर्डीवर भेट बे!' नागपुरात एवढा पत्ता पुरायचा. आता त्याला शेपूट लागलंय : 'वर की खाली?' वर म्हणजे मुंजे चौकातलं मेट्रोचं सीताबर्डी इंटरचेंज स्टेशन. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाइन्स इथेच क्रॉस होतात. खापरीहून या, एस्केलेटर पकडा आणि त्याच तिकिटावर लोकमान्य नगरची गाडी गाठा. सिंपल!

टेकडीपलीकडच्या मोठ्या रेल्वे स्टेशनची इमारत १९२५ ची. तिथे उतरलं की बर्डीत यायला ऑटो, नाहीतर पायपीट. बर्डीच्या नावाचं स्टेशन मिळालं ते थेट ७ मार्च २०१९ ला, ऑरेंज लाइन खापरीपासून इथवर आली तेव्हा. २८ जानेवारी २०२० ला अ‍ॅक्वा आली. ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरपर्यंत दोन्ही लाइन्स पूर्ण व्हायला मात्र ११ डिसेंबर २०२२ उजाडलं.

आणि आता गंमत बघा. आठवड्यातले पाच दिवस मी बर्डीला गाडी बदलते, पण बर्डीत जातच नाही! परवा पुण्याची मैत्रीण सोबत होती. म्हणाली, 'तुमची ती फेमस बर्डी कुठंय गं?' मी बोट खाली केलं. जाम ओशाळले, खरं सांगते.

मग उतरलोच. मेन रोडवर कानातल्यांसाठी मनसोक्त घासाघीस केली, वीस रुपये सोडवून घेतले. परत वर गेलो तर काय, एकदा बाहेर पडलात की नवं तिकीट!

काढलं.